गेम मास्टरची तयारी आणि टेबलावरचे काम: पहिल्या सत्रापासून पुढे

टेबलाभोवती खेळल्या जाणाऱ्या रोल-प्लेइंग गेममध्ये प्रत्येक खेळाडू एक पात्र सांभाळतो आणि त्या पात्रांखेरीज जगात जे काही आहे, म्हणजे माणसे, जनावरे, हवामान, अफवा, शत्रू, ते सारे गेम मास्टरच्या वाट्याला येते. एवढे ऐकूनच नवा माणूस दचकतो. मग तो एकतर जगाचा हजार वर्षांचा इतिहास लिहायला बसतो, नाहीतर कादंबरीसारखे कथानक आखून खेळाडूंना त्यावरून चालवू पाहतो. दोन्हींत श्रम पुष्कळ होतात आणि खेळ थोडाच होतो, कारण या खेळाचा गाभा निर्णयात आहे. गेम मास्टरने प्रसंग स्पष्ट मांडायचा, खेळाडूंनी काय करायचे ते ठरवायचे आणि त्याचे परिणाम गेम मास्टरने प्रामाणिकपणे दाखवायचे, हे चक्र एका सत्रात जितके मोकळेपणी फिरेल तितका खेळ रंगतो. खालच्या सगळ्या सूचना हे चक्र अडू नये यासाठी आहेत.

गेम मास्टरची भूमिका टेबलावर सैन्ये मांडून खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांतल्या पंचाकडून आली आहे. १९६९ साली अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेसली यांनी नेपोलियनकाळातील एका काल्पनिक गावावर युद्धखेळ रचला आणि नेहमीप्रमाणे केवळ दोन सेनापती नेमण्याऐवजी गावातल्या निरनिराळ्या व्यक्तींच्या भूमिका खेळाडूंना वाटून दिल्या. खेळाडूंनी लढाईची वाट न पाहता आपापसात मसलती आणि कारस्थाने सुरू केली, आणि ज्या गोष्टींसाठी नियमच नव्हते त्यांचा निवाडा वेसलींना जागेवर करावा लागला. त्याच वर्तुळातले डेव्ह आर्नेसन यांनी ही कल्पना पुढे नेली आणि १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स यांच्यासोबत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केला. नियमांत नसलेली गोष्ट खेळाडूला करावीशी वाटणे आणि ती होऊ शकते का हे एका माणसाने न्यायबुद्धीने ठरवणे, हे गेम मास्टरचे मूळ काम तेव्हापासून आजवर तसेच आहे.

नियमावली आणि मंडळी

पहिल्यांदा खेळ चालवताना तीन ते पाच खेळाडू आणि तीन-चार तासांचे एकच सत्र, म्हणजे वन-शॉट, एवढेच मनाशी धरावे. दोनच खेळाडू असले तर विचार लवकर आटतात, आणि सहाव्या खेळाडूपासून प्रत्येकाला आपल्या पाळीची वाट पाहत बसावे लागते. लांबलचक कॅम्पेनचे, म्हणजे अनेक सत्रे चालणाऱ्या कथेचे, बेत पहिले सत्र पार पडल्यावर करता येतात.

नियमावली निवडताना कोणती लोकप्रिय आहे यापेक्षा आपल्याला कोणत्या प्रकारचे प्रसंग खेळायचे आहेत हे पाहावे. साहस आणि लढाया हव्या असतील तर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची पाचवी आवृत्ती सोयीची आहे. तिच्या मूळ नियमांचा संदर्भ-दस्तऐवज २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला असल्याने पैसे न मोजताही सुरुवात करता येते. भय आणि तपास हवा असेल तर १९८१ पासून चालत आलेला ‘कॉल ऑफ कथुलू’ पाहावा. त्यात पात्राच्या कौशल्याची टक्केवारी समोरच लिहिलेली असते आणि शंभरापैकी तेवढा किंवा त्याहून कमी अंक पडला की यश मिळते, त्यामुळे नवख्याला गणित समजावून सांगावे लागत नाही. ‘अपॉकॅलिप्स वर्ल्ड’पासून निघालेल्या खेळांत सहा बाजूंचे दोन फासे पुरतात आणि प्रत्येक फेकीने कथा कुठेतरी सरकतेच. नियमांचे अख्खे पुस्तक पाठ करण्याची गरज नाही. फासा कधी आणि कसा टाकायचा, लढाईत पाळी कशी येते आणि पात्र जखमी झाले की काय होते, हे तीन भाग नीट वाचले की पहिले सत्र निभावते.

सेशन झिरो

प्रत्यक्ष खेळापूर्वी सगळ्यांनी एकत्र बसून जे बोलायचे त्याला सेशन झिरो म्हणतात. वन-शॉटसाठी वीस मिनिटे पुरतात, पण ती टाळू नयेत, कारण पुढचे निम्मे तंटे इथेच मिटतात. खेळाचा सूर कसा असेल, विनोदी की गंभीर, पात्रे मरू शकतात का, आणि पात्रांनी एकमेकांविरुद्ध जाणे चालेल का, या प्रश्नांची उत्तरे सर्वांदेखत घ्यावीत. पात्रेही शक्यतो इथेच आणि एकत्र तयार करावीत. घरून पात्र बनवून आणलेल्या चार जणांत तीन एकलकोंडे खुनी निघण्याचा संभव फार असतो. प्रत्येकाने आपले पात्र निदान दुसऱ्या एका पात्राला का ओळखते आणि समोर आलेल्या कामात ते का पडेल, हे एकेका वाक्यात सांगावे. पात्राला साहसात ओढण्याची जबाबदारी खेळाडूनेही उचलायची असते, हे या वेळी मोकळेपणाने सांगून टाकावे.

नको असलेल्या विषयांबद्दलही याच बैठकीत बोलावे. रॉन एडवर्ड्स यांनी रूढ केलेली रेषा आणि पडदा ही विभागणी इथे फार उपयोगी पडते: रेषेपलीकडचा विषय खेळात अजिबात येणार नाही, आणि पडद्यामागचा विषय घडला तरी त्याचे वर्णन होणार नाही. जॉन स्टॅवरोपोलस यांनी सुचवलेले एक्स-कार्ड याहून सोपे आहे. टेबलावर एक कार्ड ठेवायचे, आणि कोणी त्याला हात लावला की चालू असलेला भाग कारण न विचारता वगळून पुढे जायचे. अनोळखी लोकांबरोबर खेळताना मी हे कार्ड ठेवतोच. ते क्वचितच वापरले जाते, पण ते आहे म्हणून लोक मोकळेपणाने खेळतात.

कथानक नको, परिस्थिती तयार करा

तयारीची पद्धत एका उदाहरणावरून पाहू. काळखडक नावाचे एक लहान बंदर आहे. तिथल्या दीपगृहाचा दिवा तीन रात्री लागलेला नाही आणि त्याचा राखणदार बेपत्ता आहे. आज मध्यरात्री धान्याने भरलेले एक जहाज बंदराकडे येणार आहे. खेळाडूंची पात्रे सकाळी गावात पोहोचतात.

आता कोणाला काय हवे आहे ते लिहावे. गोदाममालक दामल याला जहाज खडकावर फुटायला हवे आहे, म्हणजे त्याच्याकडचे साठवलेले धान्य चौपट भावाने जाईल. त्यानेच राखणदाराला मिठाच्या जुन्या कोठारात डांबले आहे आणि दीपगृहात आपली दोन माणसे बसवली आहेत. बंदरप्रमुख सोमक याला अर्धेमुर्धे कळले आहे, पण तो दामलच्या कर्जात बुडालेला असल्याने हे प्रकरण कोणी उकरू नये एवढीच त्याची इच्छा आहे. राखणदाराची मुलगी ईरा हिला बाप परत हवा आहे आणि त्यासाठी ती वाटेल ते करील. गरज पडली तर टेकडीवरची झोपडी पेटवून जहाजाला इशारा द्यायलाही ती तयार आहे. तीन माणसे, तीन परस्परविरोधी इच्छा आणि दीपगृह, कोठार, बंदर अशा तीन जागा एवढी सामग्री चार तासांसाठी पुरते.

यानंतर खेळाडूंनी काहीच केले नाही तर काय घडेल ते लिहावे. त्यासाठी जॉन हार्पर यांच्या ‘ब्लेड्स इन द डार्क’ या खेळातील घड्याळ ही युक्ती उत्तम आहे. कागदावर एक वर्तुळ काढून त्याचे सहा भाग करायचे आणि खेळाडूंनी वेळ दवडला किंवा गोंगाट केला की एक भाग रंगवायचा. दोन भाग रंगले की दामलची माणसे गावात नव्या पाहुण्यांची चौकशी करू लागतात, चार रंगले की राखणदाराला कोठारातून होडीवर हलवतात आणि सहावा रंगला की जहाज फुटते. हे घड्याळ खेळाडूंच्या डोळ्यांसमोर ठेवावे. ते लपवले तर दडपण फक्त गेम मास्टरला जाणवते.

खेळाडू हा पेच कसा सोडवतील हे मात्र लिहू नये. ते दीपगृह काबीज करतील, सोमकला फोडतील, दामलशी सौदा करतील किंवा होडी घेऊन जहाजालाच गाठतील. या चारांपैकी एक मार्ग तुम्ही आधी ठरवून ठेवलात की उरलेल्या तिन्हींना नकळत विरोध कराल, आणि खेळाडूंना तो लगेच जाणवतो. तुमच्या आवडीचा शेवट मनात ठरला असेल तर तो कागदावर लिहून कागद फाडून टाकावा. हा सल्ला मी थट्टेने देत नाही.

ज्या कथेत काही शोधून काढायचे असते तिथे आणखी एक काळजी घ्यावी लागते. जस्टिन अलेक्झांडर यांचा तीन धाग्यांचा नियम असा की, खेळाडूंनी जो निष्कर्ष काढायला हवा त्यासाठी निदान तीन स्वतंत्र दुवे पेरावेत, कारण एक त्यांच्या नजरेतून सुटेल, दुसऱ्याचा ते भलताच अर्थ लावतील आणि तिसरा कामी येईल. सगळ्यामागे दामल आहे हे कळण्यासाठी दीपगृहातून नेलेल्या तेलाच्या पिंपांचे ओरखडे त्याच्या गोदामापर्यंत गेलेले दिसतात. त्याने कालपासून धान्य विकणे बंद केले आहे असे बाजारात ऐकू येते. आणि सोमकच्या मेजाच्या खणात दामलच्या सहीचा कर्जरोखा सापडतो. एक दुवा जागेवर आहे, एक लोकांच्या तोंडी आहे आणि एक कागदावर आहे, त्यामुळे कोणत्याही स्वभावाच्या खेळाडूला निदान एक तरी सापडतो. योग्य जागी योग्य गोष्ट शोधणाऱ्याला महत्त्वाचा दुवा फासा न टाकताच द्यावा. रॉबिन लॉझ यांची तपासकथांसाठीची गमशू ही नियमपद्धत याच तत्त्वावर उभी आहे. फासा वाईट पडला म्हणून पुरावा मिळाला नाही, असे झाल्यास अख्खे सत्र जागच्या जागी अडते.

शेवटी दहा नावांची यादी करून ठेवावी. खेळाडू ज्या कोळ्याशी बोलायचे ठरवतील त्याचे नाव तुम्ही ठेवलेले नसणार, आणि ‘तुझं नाव काय?’ या प्रश्नावर गेम मास्टर अडखळला की त्या माणसात आता काही दम नाही हे सगळ्यांना कळून चुकते. अशी ही सगळी तयारी दोन पानांत बसते. ती तीन पानांवर गेली की मी काटछाट सुरू करतो.

टेबलावर बोलण्याची रीत

सत्राची सुरुवात निर्णयाच्या जवळ करावी. पात्रे धर्मशाळेत भेटतात, ओळखी होतात, मग कोणीतरी काम सांगतो, या वळणाने पहिला पाऊण तास जातो. त्याऐवजी पात्रे दीपगृहाच्या दाराशी उभी आहेत आणि ईराने त्यांना का बोलावले हे दोन वाक्यांत सांगून खेळ सुरू करावा. तिथला संवाद साधारण असा होतो:

“दार अर्धवट उघडं आहे. आत अंधार, पण वरून दोघांच्या हसण्याचा आवाज येतोय. जिना लाकडी आणि जुना आहे, पाय ठेवला की करकरणार. वर खिडकीत इशाऱ्याचं शिंग टांगलेलं इथूनही दिसतंय. बाहेरच्या भिंतीला गंजलेल्या लोखंडी पायऱ्या आहेत. काय करतेस?”

“मी हळूच जिन्याने वर जाते.”

“जिना वाजला तर ते शिंग फुंकतील आणि अख्खं बंदर जागं होईल. तरी जिन्यानेच?”

“थांब. बाहेरच्या पायऱ्या तुटल्या तर?”

“तर तू पडशील, लागेल चांगलंच. पण आवाज लाटांमध्ये विरून जाईल.”

“चालेल. पायऱ्या.”

इथे अजून फासा हातात घेतलेला नाही, पण खेळ पुरता सुरू झाला आहे. वर्णन पाच-सहा वाक्यांत संपले, त्यातली प्रत्येक गोष्ट वापरता येण्याजोगी होती आणि शेवटी थेट प्रश्न आला. दोन वाटांचे धोके वेगवेगळे होते, त्यामुळे खेळाडूला खरोखर काहीतरी निवडावे लागले. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पात्राला जे उघड दिसले असते ते खेळाडूपासून लपवले नाही. माहिती दडवून खेळाडूला चकवण्यात काही जणांना कौशल्य वाटते. मला तो निव्वळ अडथळा वाटतो, कारण काय पणाला लागले आहे हे ठाऊक नसताना घेतलेला निर्णय हा अंदाजपंचे दाहोदरसेचाच प्रकार असतो. छापील साहसांमध्ये मोठ्याने वाचायचे लांबलचक उतारे दिलेले असतात. तेही आधी वाचून आपल्या शब्दांत चार वाक्यांत सांगावेत.

एनपीसी, म्हणजे गेम मास्टरच्या वाट्याची पात्रे, रंगवताना आवाज बदलता आला नाही तरी काही बिघडत नाही. त्या माणसाला आत्ता काय हवे आहे आणि त्याची एखादी लकब कोणती, एवढे हाताशी असले की पुरते. सोमक सतत दाराकडे पाहतो आणि प्रश्नाला उत्तर देण्याऐवजी दुसरा प्रश्न विचारतो, इतके ठरले की तो पुढच्या सत्रातही खेळाडूंच्या लक्षात राहतो.

फासा कधी आणि कशासाठी

नवे गेम मास्टर फासे फार टाकायला लावतात. फासा हातात देण्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात: यश शक्य आहे का, अपयश शक्य आहे का, आणि अपयश आले तर काही घडणार आहे का. तिन्हींचे उत्तर होय असेल तरच फासा टाकावा. वेळ भरपूर आहे, आसपास कोणी नाही आणि पात्र कुलपे उघडण्यात तरबेज आहे, तर कुलूप उघडले असे सांगून पुढे जावे.

याचे कारण गणितात आहे. वीस बाजूंच्या फाशावर पडलेल्या अंकात पात्राच्या कौशल्याचे पाच मिळवून पंधरा गाठायचे असतील तर दहा किंवा त्याहून मोठा अंक लागतो, म्हणजे यशाची शक्यता ५५ टक्के असते. हे ठीक वाटते. पण तीन पहारेकऱ्यांजवळून जाताना प्रत्येकासाठी वेगळा फासा टाकायला लावला तर तिन्ही वेळा यश येण्याची शक्यता १७ टक्क्यांपेक्षाही खाली जाते. चार पात्रे लपतछपत निघाली आणि चौघांचेही फासे यशस्वी व्हायलाच हवेत असे ठरवले, तर ती जेमतेम ९ टक्के उरते. म्हणजे गेम मास्टरने ‘चोरून जाता येईल’ असे तोंडाने सांगितले आणि नियमाने ती वाट बंद केली. म्हणून एका हेतूसाठी एकच फेक घ्यावी आणि तिचा निकाल शेवटपर्यंत टिकू द्यावा. गट मिळून काही करत असेल तर पाचव्या आवृत्तीतला सामूहिक चाचणीचा नियम वापरावा, ज्यात निम्मे यशस्वी झाले की सगळे पार पडतात. वरच्याच आकड्यांवर चौघांची शक्यता यामुळे ७६ टक्क्यांच्या घरात जाते.

अपयशाचा अर्थ ‘काही घडले नाही’ असा कधीही करू नये. कुलूप उघडले नाही, मग दुसऱ्याने प्रयत्न केला, मग तिसऱ्याने, असे सुरू झाले की टेबल थंड पडते. त्याऐवजी कुलूप उघडते, पण पहारेकरी वळणावर येऊन पोहोचलेला असतो. किंवा हत्यार आत मोडून अडकते आणि उद्या सकाळी कोणालाही कळेल की इथे कोणीतरी आले होते. ‘अपॉकॅलिप्स वर्ल्ड’च्या पद्धतीत हे नियमातच बसवले आहे. दोन फाशांची बेरीज दहा किंवा अधिक आली की पूर्ण यश, सात ते नऊ आली की किंमत मोजून यश, आणि सहा किंवा कमी आली की गेम मास्टर नवे संकट आणतो. बेरजेत पात्राच्या गुणांची कोणतीही भर नसताना सात ते नऊची शक्यता सुमारे ४२ टक्के असते, म्हणजे ‘झाले, पण…’ हेच उत्तर वारंवार येते. इतर खेळ चालवतानाही हे उत्तर उसने घ्यायला काहीच हरकत नाही.

गेम मास्टरने आपल्यासमोर उभ्या केलेल्या पडद्याआड फासा टाकून निकाल गुपचूप बदलावा का, यावर गेम मास्टरांत नेहमी वाद होतो. माझे मत स्पष्ट आहे: जो निकाल तुम्हाला मान्यच होणार नाही त्यासाठी फासा टाकू नये, आणि टाकला तर सर्वांदेखत टाकून तो मानावा. निकाल बदलला जातो अशी शंका एकदा आली की खेळाडू निर्णयांवर मेहनत घेणे सोडून देतात.

लढाई

लढाई कंटाळवाणी होते ती बहुधा दोन्ही बाजूंना एकमेकांना संपवण्यापलीकडे काही नको असते म्हणून. दीपगृहातल्या दोघांना शिंगापर्यंत पोहोचायचे आहे आणि पात्रांना दिवा पेटवायचा आहे, असे झाले की प्रत्येक पाळीत निवडायला काहीतरी असते. जागेतही वापरण्याजोग्या दोन-तीन गोष्टी ठेवाव्यात: तेलाचे पिंप, अरुंद जिना, उघडी खिडकी.

वेग राखण्यासाठी पाळीचा क्रम सगळ्यांना दिसेल असा लिहून ठेवावा आणि एकाची पाळी चालू असतानाच ‘यानंतर तू’ असे पुढच्याला सांगावे. आकड्यांनंतर एका वाक्यात परिणाम सांगावा; प्रत्येक वाराचे रसभरित वर्णन तिसऱ्या फेरीपर्यंत सगळ्यांनाच नकोसे होते. शत्रूंनी शेवटच्या श्वासापर्यंत लढू नये. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या १९८१ च्या बेसिक आवृत्तीत यासाठी मनोधैर्याचा नियम होता: पहिला साथीदार पडला किंवा निम्मे गारद झाले की सहा बाजूंचे दोन फासे टाकायचे, आणि बेरीज त्या शत्रूच्या ठरलेल्या अंकाहून जास्त आली की तो पळतो किंवा शरण येतो. हा नियम आजच्या कोणत्याही खेळात बेलाशक वापरावा. लढाई निम्म्या वेळात संपते, आणि शरण आलेला माणूस बोलू लागतो. निकाल उघड झाला असेल तर उरलेल्या हिट पॉइंट्सची, म्हणजे कोण अजून किती मार सोसू शकतो याची, मोजणी सोडून देऊन ‘उरलेले दोघे हत्यारं टाकतात’ असे सांगून लढाई तिथेच संपवावी.

सर्वांना वाटा, वाद आणि अडचणी

प्रत्येक टेबलावर एक मोठ्या आवाजाचा आणि एक गप्प बसणारा खेळाडू असतोच. ‘तुम्ही काय करता?’ असे सगळ्यांना मिळून विचारले तर उत्तर पहिलाच देतो. म्हणून नाव घेऊन आणि नेमका प्रश्न विचारावा: तो सोमकशी बोलतोय, तेवढ्यात तू त्याच्या मेजाजवळ उभी आहेस, खण किंचित उघडा आहे, तू काय करतेस? गप्प माणसाला बोलायला नको असते असे नाही. शिरकाव करायला जागा हवी असते. काही जणांना नुसते ऐकत बसण्यातही आनंद असतो, तेव्हा एकदा विचारून तो नको म्हणाला तर पिच्छा पुरवू नये.

गट फुटून दोन ठिकाणी गेला तर घाबरण्याचे कारण नाही. एका गटासमोर पेच आला, निर्णय घ्यायची वेळ झाली की तिथेच थांबून दुसऱ्या गटाकडे वळावे. पहिल्यांना विचार करायला वेळ मिळतो आणि दोन्हीकडची उत्सुकता टिकते.

नियमावरून वाद निघाला तर एका मिनिटात तात्पुरता निर्णय द्यावा, तो लिहून ठेवावा आणि पुस्तक सत्र संपल्यावर उघडावे. निर्णय देताना शंकेचा फायदा खेळाडूला दिलेला बरा. वागणुकीच्या तक्रारी मात्र खेळातून सोडवू नयेत. कोणी सतत दुसऱ्यांचे बोलणे तोडत असेल तर त्याच्या पात्रावर वीज पाडून काही साधत नाही. मधल्या सुट्टीत बाजूला घेऊन साध्या शब्दांत सांगावे.

खेळाडूंनी अगदीच अनपेक्षित काही केले आणि तुम्हाला सुचेनासे झाले, तर दहा मिनिटांची सुट्टी घ्यावी. चांगलेच गोंधळात टाकलेत, जरा विचार करू द्या, असे उघड म्हटल्याने गेम मास्टरची प्रतिष्ठा कमी होत नाही, उलट खेळाडू खूश होतात. त्या दहा मिनिटांत दामल, सोमक आणि ईरा यांना आता काय हवे असेल, एवढाच प्रश्न स्वतःला विचारावा; पुढचे त्यातून निघते.

सत्र संपताना आणि नंतर

ठरलेल्या वेळेच्या वीस मिनिटे आधी घड्याळाकडे पाहावे आणि जवळचा थांबा शोधावा. मोठी लढाई सुरू व्हायच्या तोंडाशी असेल तर ती पुढच्या सत्रावर टाकावी. घाईने उरकलेल्या लढाईत सगळ्यांचीच निराशा होते. वन-शॉट असेल तर शेवटच्या तासाच्या सुरुवातीलाच कागदावरच्या घड्याळाचे दोन भाग एकदम रंगवून टाकायला हरकत नाही, म्हणजे जहाज दृष्टिपथात येते आणि सगळे निर्णय वेगाने होऊ लागतात.

कॅम्पेन पुढे चालणार असेल तर उठण्यापूर्वी खेळाडूंना एक प्रश्न जरूर विचारावा: पुढच्या वेळी तुम्ही कुठे जाणार आणि काय करणार? दामलच्या मागावर जायचे की राखणदाराला घेऊन पळायचे, हे त्यांनी आत्ताच ठरवले तर तुमची तयारी निम्म्यावर येते, कारण जिथे कोणी जाणार नाही त्या जागा लिहिण्याचे कष्ट वाचतात. सोबतच कोणता प्रसंग आवडला आणि कुठे कंटाळा आला हेही विचारावे. ‘छान झालं’ हे उत्तर मानू नये, नेमका प्रसंग विचारावा.

घरी गेल्यावर, आठवण ताजी असेपर्यंत, तीन गोष्टी लिहून काढाव्यात: खेळाडूंनी कोणाला दुखावले किंवा उपकृत केले, तुम्ही ऐनवेळी कोणती नावे आणि तपशील बोलून गेलात, आणि खेळाडूंच्या गप्पांतून कोणते तर्क निघाले. तिसऱ्या यादीकडे विशेष लक्ष द्यावे. बंदरप्रमुखाचा भाऊ समुद्री चाचा असणार, असा तर्क एखाद्याने सहज बोलून दाखवला असेल आणि तुमच्या कागदावर सोमकला भाऊच नसेल, तर पुढच्या सत्रापूर्वी त्याला एक भाऊ द्यावा, त्याला काय हवे आहे ते ठरवावे आणि त्याच्यासाठी एक नवे घड्याळ काढावे.